टायरच्या हवेचा अलार्म रोज पहाटे वाजतो, ड्रायव्हर वायर काढून ठेवतात. काय करावं?

पिंपळगावकर | ९ जानेवारी, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. आमची एक सहाचाकी आयशर आणि दोन पिकअप आहेत. दिवाळीपर्यंत टोमॅटो, आता द्राक्षं. आयशर आठवड्यातून चार-पाच वेळा पिंपळगाव बसवंतहून भिवंडीच्या गोदामाला जाते. पहाटे चारला निघायचं आणि नऊच्या आत गेटवर लागायचं. नंबर हुकला की गाडी दुपारपर्यंत उन्हात उभी, आणि आत द्राक्षं असताना त्याचा अर्थ काय होतो ते इथल्या बऱ्याच जणांना माहीत आहे.

गेल्या उन्हाळ्यात इगतपुरीच्या पुढे मागच्या जोडीतला आतला टायर फुटला. आमचे ड्रायव्हर काका सव्वीस वर्षं स्टिअरिंगवर आहेत, म्हणून गाडी रस्त्यावर राहिली. घाट उतरायला लागल्यावर फुटला असता तर, हा विचार माझ्या मनातून अजून जात नाही. म्हणून ऑक्टोबरमध्ये हवा दाखवणारी यंत्रणा बसवून घेतली. वालवर टोपीसारखे सहा सेन्सर, केबिनमध्ये लायटरच्या सॉकेटवर चालणारा छोटा डिस्प्ले. टायर ८.२५ आर १६, रेडियल, ट्यूबवाले. मागे थंड हवा १०० पीएसआय ठेवतो.

दोन महिने काही तक्रार नव्हती. डिसेंबरच्या मध्यापासून मात्र पहाटे गाडी काढली की पाच मिनिटांत अलार्म. कधी मागची चारही चाकं लाल, कधी पुढची पण. आकडे ९२, ९१ असे. नाशिक ओलांडलं की आपोआप गप्प. काकांनी आठ-दहा दिवस रोज उतरून टॉर्च मारून पाहिलं, टॉमी (लोखंडी सळई) टायरवर ठोकून पाहिलं, सगळं ठीक. मग त्यांनी डिस्प्लेची वायरच काढून ठेवायला सुरुवात केली. मला हे परवा कळलं आणि मी चिडलो. ते शांतपणे म्हणाले, "रोज खोटं ओरडणाऱ्याचं ऐकून मी किती वेळा अंधारात उतरू?" मला उत्तर देता आलं नाही.

यंत्र बदलू की सेन्सर बदलू? बसवून देणारा म्हणतो की थंडीत असं होतंच, दुर्लक्ष करा. दुर्लक्षच करायचं तर पैसे कशाला घातले?

---

निळी_पिकअप | ९ जानेवारी, रात्री ११:०५

सेन्सरचे सेल बघा आधी. टोपीवाल्या सेन्सरमध्ये बटण सेल असतो, थंडीत तो लवकर बसतो. माझ्या पिकअपला हेच झालं होतं, चारही सेल बदलले.

---

डेपोतला | १० जानेवारी, सकाळी ७:२०

सेल बसला की सेन्सरचा सिग्नल तुटतो. डिस्प्लेवर आकडा जातो आणि रेघा येतात. इथे आकडा येतोय आणि सहाही चाकांचा एकदम उतरतोय, म्हणजे सेल नाही.

पिंपळगावकर, तीन गोष्टी बघून सांगा. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये मूळ हवा, म्हणजे ज्याला बेस म्हणतात, ती किती टाकली आहे? कमी हवेचा अलार्म किती टक्क्यांवर आहे? आणि यंत्र बसवलं तेव्हा गाडी उभी होती की लांबून चालून आली होती?

---

पिंपळगावकर | १० जानेवारी, दुपारी १:१५

बघितलं. मागच्या चाकांना बेस ११० आहे. अलार्म १५ टक्क्यांवर. मला १०० असेल असं वाटत होतं. यंत्र नाशिकला बसवलं, भिवंडीहून परत येताना, दुपारी. गाडी थेट दुकानात लावली होती. त्या मुलाने सेन्सर फिरवले, एक बटण दाबून धरलं आणि म्हणाला, आहे ती हवा यंत्राने घेतली.

---

डेपोतला | १० जानेवारी, रात्री ९:३०

मग उत्तर इथेच आहे. जरा सविस्तर लिहितो, कारण हीच चूक मी कितीतरी गाड्यांवर पाहिली आहे.

टायरमधली हवा तापली की दाब वाढतो, हे सगळ्यांना माहीत आहे. किती वाढतो ते मात्र आपण अंदाजाने बोलतो. हिशेब सोपा आहे. गेजच्या आकड्यात बाहेरच्या हवेचे १४.७ मिळवायचे, तापमानात २७३ मिळवायचे आणि त्रैराशिक मांडायचं. ऑक्टोबरमध्ये २८ अंशाला थंड टायरमध्ये तुम्ही १०० भरले. भिवंडीहून चालून आलेल्या टायरमधली हवा ५५ अंश धरा. गेजवर येतात ११०. म्हणजे त्या मुलाने बटण दाबलं तेव्हा यंत्राने तापलेल्या टायरची हवा मूळ हवा म्हणून लिहून घेतली. ११० चे १५ टक्के वजा केले की अलार्मची रेघ साडेत्र्याण्णवला येते.

आता जानेवारीतली पहाट. निफाड तालुक्याची थंडी मी तुम्हाला काय सांगणार, महाराष्ट्रातला सगळ्यात खालचा पारा बऱ्याचदा तिथलाच असतो. ८ अंश धरा. तीच हवा, एक थेंबही गळालेली नाही, तरी गेजवर येतात ९२. रेघ साडेत्र्याण्णवची, टायर ९२ वर, म्हणून सहाही चाकं लाल. तीस-चाळीस किलोमीटर चालून टायर तापला की आकडा रेघेच्या वर जातो. तुमचं नाशिक ओलांडणं म्हणजे तेच.

आता अर्धी गोष्ट काकांच्या विरुद्ध आहे, ती पण सांगतो. अलार्म संपूर्ण खोटा नाही. थंड हवा १०० हवी असं टायरवाला सांगतो तेव्हा त्याचा अर्थ आज, या हवामानात, उभ्या गाडीत १०० असा असतो. ऑक्टोबरच्या दुपारचे १०० जानेवारीच्या पहाटे १०० राहत नाहीत. तुमचे टायर खरोखर ८ पीएसआय कमी हवेवर भरलेला माल घेऊन निघतायत. ट्रकच्या टायरला दर १० अंशांमागे जवळपास ४ पीएसआयचा फरक पडतो. कारच्या ३० पीएसआयच्या सवयीने विचार केला तर हे लक्षात येत नाही.

करायचं एवढंच. रात्रभर उभ्या गाडीत, पहाटे निघण्याआधी, स्वतःच्या कॉम्प्रेसरने १०० करा. बेस हाताने १०० टाका, ते बटण दाबून नाही. अलार्म १५ टक्क्यांवरच राहू दे, म्हणजे रेघ ८५ ला येईल. मार्चमध्ये उन्हं चढली की पुन्हा पहाटेच तपासा. आणि गेज एकच ठेवा. दोन पंपांचे दोन गेज कधी जुळत नाहीत.

---

मिशिगनकाठ | ११ जानेवारी, सकाळी ८:५०

मी शिकागोच्या बाजूला डिलिव्हरी व्हॅन चालवतो. इथे पहिली कडक थंडी पडली की निम्म्या व्हॅनना पिवळा दिवा लागलेला असतो, घोड्याच्या नालासारखी खूण आणि मध्ये उद्गारचिन्ह. तुमच्या काकांसारखीच माणसं इथे आहेत. फरक एवढाच की दिवा कंपनीचा असल्यामुळे वायर काढता येत नाही, म्हणून काही जण त्यावर चिकटपट्टी लावतात.

एक गोष्ट मला उशिरा कळली. अमेरिकेत सप्टेंबर २००७ पासून सगळ्या नव्या हलक्या गाड्यांना ही यंत्रणा सक्तीची आहे, पण कायद्यात सीमा २५ टक्क्यांची आहे. व्हॅनच्या मागच्या टायरला ८० पीएसआय सांगितले असतील तर दिवा ६० ला लागला तरी कायद्याने चालतं. भरलेली व्हॅन ६५ वर धावत असते आणि दिवा शांत असतो. दिवा लागला नाही म्हणजे हवा बरोबर आहे, असं मी तीन वर्षं समजत होतो. शिवाय ती सक्ती साधारण साडेचार टनांपर्यंतच्याच गाड्यांना आहे, आणि एका ॲक्सलवर जोडी टायर असतील तर ती लागू नाही. म्हणजे जिथे आतलं चाक डोळ्यांना दिसत नाही, नेमकी तीच गाडी सुटते.

दिव्याची भाषाही शिकून घ्या. लागून स्थिर राहिला तर हवा कमी. गाडी चालू केल्यावर मिनिटभर, दीड मिनिट लुकलुकून मग स्थिर झाला तर यंत्रणाच बिघडली आहे, बहुतेक वेळा सेन्सरची बॅटरी संपलेली. रिमच्या आत बसणाऱ्या सेन्सरची बॅटरी बदलता येत नाही, अख्खा सेन्सर बदलावा लागतो. पाच ते दहा वर्षं चालतो.

---

निळी_पिकअप | ११ जानेवारी, दुपारी १२:१०

सेलचं मी चुकीचं सांगितलं, कबूल. एक विचारतो. काही नव्या छोट्या गाड्यांत टायरमध्ये सेन्सरच नसतो आणि तरी दिवा लागतो. ते कसं?

---

मिशिगनकाठ | ११ जानेवारी, संध्याकाळी ७:४०

ते एबीएसवर, म्हणजे ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेवर चालतं. हवा कमी झाली की चाकाचा घेर किंचित कमी होतो आणि ते चाक बाकीच्यांपेक्षा जरा जास्त फिरतं. गाडीचा कॉम्प्युटर तो फरक पकडतो. स्वस्त आहे, पण चारही टायर सारखेच उतरले तर त्याला बऱ्याचदा पत्ता लागत नाही, कारण फरकच उरत नाही. थंडीत नेमकं तेच होतं. आणि हवा भरल्यावर रीसेट केलं नाही तर ते चुकीच्या हवेलाच बरोबर समजून बसतं.

---

घाटवाट | ११ जानेवारी, रात्री १०:२५

मी स्वतः ड्रायव्हर आहे, चौदाचाकीवर. काकांची बाजू मांडतो.

मालक यंत्र बसवतो आणि चावी देतो. ते काय बोलतं हे कोणी सांगत नाही. पहाटे चारला, ८ अंशात, हायवेच्या कडेला भरल्या गाडीखाली वाकून आतला टायर बघणं हे घरी बसून वाटतं तितकं सोपं नाही. मागून ट्रेलर किती अंतरावरून जातात ते बघा एकदा. दहा वेळा उतरून काही सापडलं नाही तर अकराव्या वेळी कोण उतरेल? काका वाईट नाहीत. त्यांना आकड्यांचा अर्थ सांगा, ते तुमच्यापेक्षा चांगलं यंत्र वापरतील.

टॉमीबद्दल पण बोलतो, कारण मी पण वीस वर्षं टॉमीच मारली. टॉमी मारून पार बसलेला टायर कळतो. १०० आणि ७५ मधला फरक आवाजावरून कळत नाही. मला कळतो असं मी सांगत फिरायचो. पहिल्यांदा गेज लावला तेव्हा आठ चाकांपैकी तीन चुकली.

आणि घाटातलं एक. कसारा उतरताना मागच्या चाकांचा आकडा ११५, १२० दिसू लागला तर घाबरून हवा काढायची नाही. तापल्यामुळे वाढलेली ती हवा आहे, ती काढली तर रात्री टायर कमी हवेवर उभा राहतो आणि सकाळी तसाच निघतो. पण तीन चाकं ११२ वर आणि एकच १२२ वर असेल तर हवेचा विचार सोडा, त्या चाकाचा ब्रेक चिकटतोय का ते बघा. ड्रम तापला की त्याची उष्णता रिममधून टायरला जाते. मला एकदा या आकड्यानेच ब्रेकचा लायनर जाम झालेला सापडला, धूर यायच्या आधी. वालवरच्या सेन्सरचं तापमान मात्र धरू नका. तो बाहेरच्या वाऱ्यात असतो, आतलं त्याला नीट कळत नाही. दाब बघा.

---

पिंपळगावकर | १२ जानेवारी, रात्री ९:००

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री काकांना घरी बोलावलं, चहा झाला आणि डेपोतला यांनी लिहिलेला हिशेब मी कागदावर मांडून दाखवला. काका बराच वेळ कागद बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे हे ऑक्टोबरपासून चुकीच्या मापाने मोजतंय. हे मला आधी कोणी सांगायचं?" मी माफी मागितली.

आज पहाटे दोघं मिळून गेज लावला, गाडी रात्रभर उभी होती. पाच चाकं ९१ ते ९३. मागचं उजवं आतलं ८४. हे पण थंडीमुळेच का?

---

डेपोतला | १२ जानेवारी, रात्री ९:१८

नाही. थंडी सहाही चाकांना सारखी लागते. पाच जण ९२ वर आणि एकटा ८४ वर असेल तर तो गळतोय. रोजच्या गोंगाटात तो खरं बोलणारा एकटा दबून गेला.

आतल्या चाकाच्या वालला एक्स्टेन्शन लावून सेन्सर बाहेर आणला असेल. साबणाचं पाणी घ्या, एक्स्टेन्शनच्या दोन्ही जोडांवर आणि सेन्सरच्या बुडाशी लावा. टोपीवाला सेन्सर वालची पिन सतत दाबून ठेवतो, तेव्हा हवा अडवायला फक्त त्याचा रबरी वायसर उरतो. तो कडक झाला किंवा एक्स्टेन्शन हालत राहिलं की तिथूनच झिरपते.

आणि काकांना एक विचारा, नीट आठवून सांगायला सांगा. हे चाक कधी ८० च्या खाली दिसलं होतं का?

---

पिंपळगावकर | १२ जानेवारी, रात्री ९:५०

फोन केला. काका म्हणतात, वायर काढायच्या दोन-तीन दिवस आधी घोटीजवळ ७१ दिसलं होतं. माल होता, वेळ नव्हता. पुढे पंपावर १०० करून घेतलं आणि गेले. तेव्हापासून दोनदा हवा मारली. उद्या पहाटे गाडी भरून जायची आहे. एक्स्टेन्शन बदलून, हवा भरून पाठवू ना?

---

डेपोतला | १२ जानेवारी, रात्री ९:५६

पाठवू नका. त्या टायरमध्ये आता हवाही भरू नका.

टायरच्या धंद्यात नियम आहे: सांगितलेल्या हवेच्या ८० टक्क्यांखाली जो टायर भाराखाली चालला, तो पार बसलेला असतानाच चालला असं धरायचं. तुमच्या १०० ला ८०. ७१ वर भरलेली गाडी घोटीपासून पंपापर्यंत गेली. रेडियलच्या बगलेत, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीत, पोलादी तारा असतात. कमी हवेवर बगल प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते आणि तारा थकत जातात, जशी आपण वायर मागे-पुढे करून तोडतो तशी. बाहेरून काहीही दिसत नाही. असा टायर पुन्हा हवा भरताना किंवा नंतर चालताना बगलेतून चेन उघडल्यासारखा फाटतो. हवा भरणारा माणूस समोर वाकलेला असेल तर त्याचा जीव जातो.

शिवाय जोडीत एक कमी हवेचा असला की त्याचा भार शेजारच्यावर जातो. म्हणजे बाहेरचा उजवा टायर पण तपासायचा आहे.

---

रिमपाना | १२ जानेवारी, रात्री १०:२०

माझं टायरचं दुकान आहे. वरचं अक्षर अन् अक्षर खरं आहे. आधी वालची पिन काढून हवा पूर्ण सोडायची, मग चाकाच्या नटाला हात लावायचा. जोडीतलं चाक फुटकं असताना हवा न सोडता नट खोलू नका. टायर उतरल्यावर ट्यूब आणि फ्लॅप (ट्यूब आणि रिममधली रबरी पट्टी) काढून आत हात फिरवा. आत काळी पूड सापडली, किंवा बगलेच्या आतल्या रबराला सुरकुत्या पडलेल्या दिसल्या, तर तो टायर गेला. त्याला रिमोल्डला (वरून नवी नक्षी चढवायला) पण देऊ नका, बगल रिमोल्डने सुधारत नाही. पूड नसेल तरी बगल अंगठ्याने दाबत फिरा, कुठे मऊ लागतं का बघा. आणि नंतर जो टायर भराल तो लोखंडी पिंजऱ्यात ठेवून, लांब पाईप लावून, बाजूला उभं राहून भरायचा. पिंजरा नसलेल्या दुकानात ट्रकचा टायर देऊ नका, दुकान कितीही ओळखीचं असलं तरी.

---

घाटवाट | १२ जानेवारी, रात्री १०:३२

पिंपळगावकर, उद्याचा माल दोन्ही पिकअपमध्ये विभागून पाठवा. जागा कमी पडली तर भाड्याची गाडी घ्या. गोदामवाला ओरडेल, ओरडू दे.

---

पिंपळगावकर | १३ जानेवारी, रात्री ८:३०

माल दोन पिकअप आणि एका भाड्याच्या गाडीतून गेला. भाडं बसलं. दीड तास उशीर झाला, गोदामाने एक लॉट परत केला. तो इथे बाजारात द्यावा लागला.

टायर दुपारी उतरवला. पिंजरा असलेलं दुकान शोधायला थेट नाशिकला जावं लागलं, पिंपळगावात मला मिळालं नाही. दुकानदाराने फ्लॅप काढला तेव्हा आतून मूठभर काळी पूड पडली, शिसपेन्सिल तासल्यासारखी. बगलेच्या आत हाताएवढ्या लांबीत सुरकुत्या होत्या. बाहेरून टायर नव्यासारखा, नक्षी अजून निम्मी शिल्लक. काका तिथेच होते. त्यांनी पूड बोटावर घेतली, बघितली आणि खिशातल्या रुमालात बांधून घेतली. काही बोलले नाहीत. मीही काही विचारलं नाही.

गळती एक्स्टेन्शनच्या खालच्या जोडातच होती, साबणाचे बुडबुडे लगेच आले. आता आतल्या दोन्ही चाकांना चांगली धातूची एक्स्टेन्शन, ती डिस्कला क्लिपने बांधली आहेत, हालत नाहीत. उजव्या बाजूची जोडी पूर्ण नवी घेतली. बाहेरचा जुना टायर दुकानदाराने तपासून चांगला आहे म्हणून सांगितलं, तो स्टेपनीला ठेवला.

---

डेपोतला | १३ जानेवारी, रात्री ८:५५

योग्य केलंत. बेस टाकलात का?

---

पिंपळगावकर | १४ जानेवारी, सकाळी ६:०५

टाकला, काकांनीच. सेटिंगची बटणं त्यांना मी काल दोनदा दाखवली, तिसऱ्यांदा त्यांनी मला दाखवली. कॉम्प्रेसरला आता लांब पाईप आहे. आमच्यात ठरलंय की अलार्म वाजला आणि एकच चाक खाली असेल तर काका गाडी सुरक्षित जागी लावतील आणि मला फोन करतील. उशिराचं गोदामाशी मी बोलेन, त्यांनी त्याची काळजी करायची नाही.

पहाटे ४:१० ला त्यांचा फोटो आला. डिस्प्लेवर सहा आकडे, मागचे १००, १०१, १००, ९९. खाली लिहिलं होतं, "आतला उजवा ९९ आहे. घोटीला परत बघतो."

आत्ता दुसरा फोटो आला, घोटीहून. आतला उजवा १०७, बाहेरचा १०८.